पाच महिन्यांची सूट: फॉर्म्युला गाडीतील किमान वयाचे एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण प्रवेश-पातळीच्या एका सिंगल-सीटर स्पर्धामालिकेतले आहे. चालक, संघ आणि आयोजक ओळखू येतील असे तपशील काढून टाकले आहेत.

गाडी फॉर्म्युला ४ च्या धर्तीची होती. कार्बन फायबरचा सांगाडा, चालकाच्या डोक्याभोवती हॅलो ही संरक्षक कडी, सुमारे १८० अश्वशक्तीचे इंजिन, स्लिक म्हणजे खाचा नसलेले टायर, स्टिअरिंगमागच्या पॅडलने बदलणारे सहा गिअर. पॉवर स्टिअरिंग नाही आणि ब्रेकला बूस्टरही नाही. सरळ रस्त्यावर ही गाडी ताशी २०० किलोमीटरच्या पुढे सहज जाते. मालिकेत सात राउंड होते आणि प्रत्येक राउंडमध्ये तीन शर्यती. ज्या राउंडमध्ये भाग घ्यायचा, त्याच्या पहिल्या दिवशी चालकाला १५ वर्षे पूर्ण झालेली असावीत, असा नियम होता. त्याच नियमाच्या शेवटी आणखी एक वाक्य होते: अपवादात्मक परिस्थितीत मालिकेची समिती सूट देऊ शकेल. सगळे प्रकरण याच वाक्यावर उभे राहिले.

अर्ज आला तो १४ वर्षे ५ महिने वयाच्या मुलासाठी. पहिल्या राउंडला त्याचे वय १४ वर्षे ७ महिने होणार होते आणि पंधरावा वाढदिवस चौथ्या राउंडनंतर येत होता. तो आठव्या वर्षापासून कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांच्या शर्यती, करत होता आणि ज्युनियर गटात सातत्याने पहिल्या तिघांत येत होता. उंची १५६ सेंटिमीटर, वजन ४६ किलो. संघाने त्याची जागा अर्जाआधीच निश्चित केली होती, प्रायोजकाला वर्षभराचे वेळापत्रकही देऊन टाकले होते. सूट मागितली गेली तेव्हा नकाराची किंमत आधीच वाढून बसली होती, ती अशी.

अर्जासोबत कार्टिंगचे निकाल, खासगी चाचणीतल्या लॅपच्या वेळा, प्रशिक्षकाचे शिफारसपत्र, पालकांचे संमतिपत्र आणि ‘तंदुरुस्त’ एवढाच शेरा असलेले वैद्यकीय प्रमाणपत्र होते. मुलाने स्वतः लिहिलेले किंवा सांगितलेले काही त्यात नव्हते. पहिल्या छाननीत ही उणीव कोणाच्या नजरेत आली नाही.

प्रश्न नेमका कोणता

पहिल्या बैठकीत चर्चा एकाच मुद्द्याभोवती फिरली: मुलगा पुरेसा वेगवान आहे का? खासगी चाचणीत तो संदर्भ-चालकापेक्षा, म्हणजे तुलनेसाठी धरलेल्या अनुभवी चालकापेक्षा, सहा-दशांश सेकंदाने मागे होता. चौदा वर्षांच्या मुलासाठी हे उत्तमच. पण रिकाम्या ट्रॅकवर, नव्या टायरवर मारलेली एक लॅप किमान वयाबद्दल जवळजवळ काहीच सांगत नाही. तेरा-चौदा वर्षांच्या कार्टिंगपटूची प्रतिक्रिया, नजर आणि हातांचे कसब पाहिले तर अनेक प्रौढ हौशी चालक त्याच्यापुढे फिके पडतात. कौशल्यावर वाद घातला की मुलाची बाजू दर वेळी जिंकते, कारण त्या बाबतीत ती खरेच मजबूत असते.

दुसऱ्या बैठकीत वैद्यकीय अधिकाऱ्यांनी प्रश्नाचे तीन तुकडे केले. गाडीतली सुरक्षा साधने या आकाराच्या शरीरावर त्यांच्या रचनेप्रमाणे काम करतील का? शर्यतीच्या पूर्ण लांबीत आणि गर्दीत मुलाचा निर्णय टिकेल का? आणि धोका पत्करायला हो म्हणणारा नेमका कोण आहे? यापुढचे सगळे काम या तीन प्रश्नांवर झाले. प्रकरणातला हा पहिला महत्त्वाचा वळणबिंदू.

शरीर आणि गाडी

सहा बिंदूंच्या हार्नेसमध्ये कमरेचे पट्टे ओटीपोटावर नव्हे तर कटीच्या हाडांवर बसायला हवेत. समोरून धडक झाली की सगळा भार त्या हाडांनी झेलायचा असतो. वाढत्या वयात कटीचा पुढचा उंचवटा पूर्ण घडलेला नसतो आणि लहान शरीरावर पट्टा वर सरकून पोटावर येण्याची शक्यता वाढते. मग शरीर पट्ट्याखालून पुढे घसरते आणि आतड्यांना व कण्याला इजा होते. मांडीमधले पट्टे ही घसरण रोखतात, पण त्यांचे बिंदू आणि कोन शरीराच्या मापाने बसवलेले असतील तरच.

खांद्यांचे पट्टे मानेभोवतीच्या हान्स साधनावरून जातात; धडकेत डोके पुढे फेकले जाऊ नये म्हणून ते असते. साधनाचे माप मोठे असेल तर ते अरुंद खांद्यांवर डुगडुगते आणि पट्टा बाहेरच्या बाजूला सरकतो. तपासनिसांनी मुलाला त्याच्या नेहमीच्या साहित्यासह गाडीत बसवले तेव्हा नेमके हेच आढळले. संघाने प्रौढ राखीव चालकाचे साधन वापरले होते. तो दोष साध्या बदलाने सुटला.

पायांची गोष्ट त्याहून गंभीर निघाली. पाय पेडलपर्यंत पोहोचावेत म्हणून संघाने पाठीमागे मऊ फोमची उशी दिली होती. धडकेत असा फोम आधी दबतो; तेवढ्या अंतरात शरीर वेग घेते आणि मग कडक सीटवर आदळते, शिवाय पट्टे त्या क्षणी ढिले पडतात. डोकेही हेडरेस्टपासून लांब राहते. योग्य पद्धत उलटी आहे: पेडलचा संच मागे आणायचा, टाचेचा टेकू नव्याने लावायचा आणि दोन घटकांच्या मिश्रणातून शरीराच्या साच्याची घट्ट सीट ओतायची. येथे पेडल मागच्या शेवटच्या खाचेत आणूनही सुमारे तीन सेंटिमीटर कमी पडत होते. ती उणीव गाडीच्या निर्मात्याने मान्य केलेल्या पेडल-प्लेटने भरून काढली. हाताने कापलेले लाकडी वा अॅल्युमिनियमचे ठोकळे कार्टमध्ये सर्रास दिसतात, पण इथे ते चालणार नाहीत. ब्रेकच्या पेडलवर पडणाऱ्या बळाने ते सरकतात.

बसण्याच्या उंचीचाही पेच होता. खाली बसवले तर नजर कॉकपिटच्या कडेला अडते आणि वळणाचा आतला कठडा दिसत नाही. वर बसवले तर हेल्मेट रोलहूपच्या, म्हणजे गाडी उलटल्यास डोके वाचवणाऱ्या कमानीच्या, संरक्षक रेषेजवळ जाते. या मुलाच्या बाबतीत दोन्ही अटी पूर्ण करणारी जागा अगदी चिंचोळी होती, त्यामुळे उंची वाढली की ती पुन्हा मोजावी लागणार होती.

मानेचे गणित साधे आहे. डोके साडेचार किलो आणि हेल्मेट दीड किलोच्या आसपास धरले तर एकूण सहा किलो. १.८ जी च्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या १.८ पट ओढ्याच्या, लांब वळणात मानेला बाजूने जवळपास ११ किलोचा ओढा सोसावा लागतो, तोही प्रत्येक लॅपला अनेकदा. कार्टिंगमुळे मान तयार झालेली असते हे खरे, पण तिथल्या ओढ्याची जात वेगळी असते. लहान, तुटक, धक्क्यांचा ताण एक गोष्ट आणि तीन-चार सेकंद सलग टिकणारा भार दुसरी.

संघाच्या आकडेवारीत एकेका लॅपचीच नोंद असल्याने समितीने २५ मिनिटांच्या सलग धावेची टेलिमेट्री, म्हणजे गाडीतल्या संवेदकांच्या नोंदी, मागवली. पहिल्या काही लॅपमध्ये पुढच्या ब्रेकलाइनमधला दाब संदर्भ-चालकाच्या बरोबरीचा होता. बाराव्या लॅपपासून तो साधारण एक-पंचमांशाने घटला. ब्रेक लावण्याची जागा आठ-दहा मीटर अलीकडे आली, आणि लांब उजव्या वळणाच्या उत्तरार्धात स्टिअरिंग मध्येच किंचित सैल सोडल्याचे दिसले. हा कसबाचा दोष नव्हता. पाय, पोटऱ्या, दंड आणि मान थकली होती. लॅपच्या वेळेत मात्र ही थकवण जेमतेम दिसत होती, कारण इंधन जळून गाडी हलकी होत होती आणि मुलगा हुशारीने गाडीची धावण्याची ओळ बदलून भरपाई करत होता. एकटे धावताना ही हुशारी चालते. शेजारी दुसरी गाडी असली की ओळ बदलायला जागाच उरत नाही.

निर्णयक्षमता

पुढची तपासणी आयोजकांच्या देखरेखीत झाली. सत्र चालू असताना पूर्वसूचना न देता तीन वेळा धोक्याची सूचना देणारा हलता पिवळा झेंडा दाखवला गेला. दोन वेळा मुलाने वेळेवर वेग कमी केला. तिसऱ्यांदा थ्रॉटल सुटले ते झेंड्याची चौकी ओलांडल्यावर. त्याच सत्रातल्या १९ वर्षांच्या नवख्या चालकाकडूनही एकदा हेच घडले, त्यामुळे समितीने या चुकीचे खापर वयावर फोडले नाही. ते योग्यच होते.

वयाशी जास्त संबंध होता तो एका वेगळ्या सवयीचा. कार्टमध्ये पुढच्या कार्टला बंपरने हलके ढकलणे रोजचे असते. पुढचे फेअरिंग (प्लास्टिकचे आवरण) जागेवरून सरकले तर दंड बसतो, म्हणून किती जोराने टेकवायचे हे मुलांना पक्के ठाऊक असते. उघड्या चाकांच्या गाडीत ही सवय जिवावर बेतू शकते. मागच्या गाडीचे पुढचे चाक पुढच्या गाडीच्या मागच्या चाकावर चढले की फिरते टायर तिला हवेत फेकते. जोडीच्या सरावात मुलगा वळणाच्या तोंडाशी वारंवार चाकांच्या आत चाक घालून थांबत होता. ही सवय सुटायला लॅप लागतात, समजावणे पुरत नाही.

इतरत्र काय झाले आहे

समितीपुढे तीन उदाहरणे ठेवली गेली आणि तिन्हींनी वेगवेगळी गोष्ट शिकवली.

मॅक्स वेर्स्टापेन २०१५ च्या ऑस्ट्रेलियन ग्रांप्रीत १७ वर्षे १६६ दिवस वयाने फॉर्म्युला १ मध्ये उतरला. २०१६ पासून मोटर शर्यतींची जागतिक संघटना एफआयएने सुपरलायसन्ससाठी, म्हणजे फॉर्म्युला १ च्या परवान्यासाठी, १८ वर्षांची अट लागू केली, जोडीला तीन वर्षांत ४० गुण आणि रस्त्यावरचा वाहनपरवानाही. वेर्स्टापेनकडून मोठा अपघात झाला म्हणून ही अट आली नव्हती. सर्वोच्च पातळीवर पोहोचायला शिडीच्या पायऱ्या चढाव्यात, हा तिचा हेतू होता. २०२४ मध्ये अपवादात्मक गुणवत्ता आणि परिपक्वता दाखवणाऱ्या १७ वर्षांच्या चालकाला सूट देण्याची तरतूद आली आणि २०२५ मध्ये आर्विड लिंडब्लाडला ती मिळालीही. सुटीचे दार ठेवले की ते उघडले जाते.

मोटरसायकल शर्यतींचा अनुभव अधिक दुःखद आहे. २०२१ च्या एकाच हंगामात जेसन ड्युपास्के हा १९ वर्षांचा, ह्यूगो मिलान हा १४ वर्षांचा आणि डीन बर्टा विन्यालेस हा १५ वर्षांचा, असे तीन तरुण स्वार गेले. त्यानंतर मोटरसायकल शर्यतींची जागतिक संघटना एफआयएमने जागतिक ग्रांप्रीसाठी किमान वय २०२३ पासून १८ केले, खालच्या गटांतही मर्यादा वाढवल्या आणि काही गटांत ग्रिडमधल्या, म्हणजे शर्यत सुरू करणाऱ्या, स्वारांची संख्या कमी केली. समितीतल्या एका तांत्रिक सदस्याने या उदाहरणातला बारकावा दाखवला. घट्ट घोळक्यात पडलेल्या स्वाराला मागून येणाऱ्या मोटरसायकलची धडक बसणे, हा या अपघातांतला मोठा धोका होता. त्यावर वयाइतकाच, कदाचित अधिक, परिणाम घोळका विरळ करण्याचा होतो. तिघांपैकी एक १९ वर्षांचा होता, हेही विसरून चालणार नाही.

नॅसकार या अमेरिकी शर्यतसंघटनेचे उदाहरण तिसरे. २००१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ट्रॅकवर १६ वर्षांच्या काइल बुशला ट्रक मालिकेच्या सरावातून बाजूला काढले गेले, कारण त्या शनिवार-रविवारच्या मुख्य शर्यतीची प्रायोजक सिगारेट कंपनी होती. पुढच्या वर्षी नॅसकारने १८ वर्षांची मर्यादा आणली. पुढे ट्रक मालिकेत ती ट्रॅकच्या प्रकारानुसार बदलली: लहान ओव्हल (लंबगोल ट्रॅक) आणि रोड कोर्सवर (वळणावळणांचा ट्रॅक) १६, मोठ्या ओव्हलवर १८. मर्यादेचा उगम तंबाखूच्या नियमात असला तरी नंतरची विभागणी समजूतदार आहे. वय एकाच आकड्यात न बांधता वेग आणि ट्रॅक यांच्याशी जोडले गेले.

समोरचे पर्याय

पहिला पर्याय पूर्ण सूट देण्याचा. बाजूने युक्तिवाद असा की पाच महिन्यांत मुलात असे काय बदलणार? हा प्रश्न कोणत्याही मर्यादेबाबत विचारता येतो, आणि पाच महिन्यांची सूट दिली की पुढचा अर्ज सात महिन्यांचा येतो. सूट मिळालेला सर्वांत लहान चालक हीच प्रत्यक्षातली नवी किमान मर्यादा ठरते. विमा कंपनीनेही लेखी कळवले की सुटीखाली उतरलेल्या चालकाचे संरक्षण वेगळ्या मंजुरीशिवाय लागू होणार नाही.

दुसरा पर्याय साफ नकाराचा: वाढदिवसापर्यंत गाडीला हात नाही. कागदावर हा स्वच्छ दिसतो. पण मग वाढदिवसानंतरच्या आठवड्यात मुलगा सरावाशिवाय, हंगामात मुरलेल्या चालकांच्या घोळक्यात उतरला असता. नियम पाळला गेला असता आणि धोका वाढला असता.

तिसरा होता कमी शक्तीच्या गाडीचा. संघानेच सुचवले की त्याच्या इंजिनला शक्ती कमी करणारा रिस्ट्रिक्टर लावा, त्याला ग्रिडच्या शेवटी उभे करा, पहिले चार राउंड तसेच होऊ द्या. हा पर्याय तडजोड म्हणून इतका आकर्षक होता की समितीतले निम्मे सदस्य त्याकडे झुकले. तो सर्वांत वाईट होता. शर्यतीत धोका एका गाडीच्या वेगातून जितका येतो, त्याहून जास्त दोन गाड्यांच्या वेगातल्या फरकातून येतो. एप्रिल २०१७ मध्ये डॉनिंग्टन पार्कवर ब्रिटिश फॉर्म्युला ४ च्या शर्यतीत १७ वर्षांचा बिली मॉन्गर ट्रॅकवर जवळजवळ थांबलेल्या गाडीवर मागून आदळला आणि त्याने दोन्ही पाय गमावले. पुढच्या गाड्यांमुळे ती गाडी त्याला दिसलीच नव्हती. मुद्दाम संथ केलेली गाडी नंतरच्या लॅपमध्ये आघाडीच्या चालकांच्या वाटेतला अडथळा ठरते. तिच्यामुळे इजा मुलालाच होईल असेही नाही. स्पर्धा संचालकांनी वेगफरकाचा आलेख मांडला तेव्हा हा पर्याय मागे पडला.

चौथा पर्याय होता शर्यतीला नकार, पण आयोजकांच्या देखरेखीत आखीव चाचण्या आणि सर्व अटी पूर्ण झाल्यास पाचव्या राउंडपासून प्रवेश. गिअर असलेल्या कार्टच्या गटात हंगाम काढण्याचाही विचार झाला. तिथे ब्रेक आणि गिअरची सवय होते, पण पट्टे, हान्स, कॉकपिट यांपैकी काहीच नसते, म्हणून तो पूरक म्हणून ठेवला.

मुलाशी बोलणे

निर्णयाआधी बालसंरक्षण अधिकाऱ्यांनी मुलाची स्वतंत्र भेट मागितली. पालक आणि संघ खोलीबाहेर. संघाने आधी हरकत घेतली, मग मान्य केले. भेट ४० मिनिटे चालली.

मुलाला शर्यत करायची होती, यात शंका नव्हती. पण त्याने दोन गोष्टी सांगितल्या ज्या कोणत्याही कागदावर नव्हत्या. सलग धावांनंतर त्याचे मनगट आणि मान दोन दिवस दुखत होती आणि त्याने ते कोणाला सांगितले नव्हते, कारण पुढची चाचणी रद्द झाली असती. आणि एका खासगी सत्रात पावसात त्याला थांबायचे होते, पण रेडिओवर आणखी पाच लॅप करायला सांगितल्यावर तो थांबला नाही.

पुढच्या वैद्यकीय तपासणीत मनगटाच्या ग्रोथ प्लेटला, म्हणजे हाडाच्या टोकाजवळच्या वाढीच्या मऊ थराला, ताण पडल्याचे दिसले. तीन आठवडे विश्रांती सांगितली गेली. कार्टिंगमध्येही मनगटावर असा ताण येतो, पण पॉवर स्टिअरिंग नसलेल्या गाडीत तो वाढतो.

या भेटीने समितीतला वाद संपवला. किमान वयाची खरी गरज इथे दिसली. मुलगा गाडी चालवू शकत होता. ‘आता पुरे’ असे मोठ्यांना सांगू शकत नव्हता. वडिलांनी वर्षानुवर्षे वेळ आणि मिळकत ओतलेली, प्रशिक्षकांचे नाव पणाला लागलेले, संघाचा करार झालेला. चौदाव्या वर्षी या सगळ्यांसमोर नकार देणे बहुतेकांना जमत नाही. त्याच्या वतीने नकार देणारे कोणीतरी हवे आणि ते कोणाच्या मर्जीवर अवलंबून नसावे. पालकांच्या सहीने हे काम होत नाही. अनेक कायदेव्यवस्थांत त्या सहीने मुलाचा स्वतःचा भरपाईचा हक्कदेखील संपत नाही.

केलेली कार्यवाही

सूट नाकारली गेली. पत्रात कारणे स्पष्ट लिहिली आणि कौशल्याबद्दल एकही नकारात्मक शब्द नव्हता. सोबत पाचव्या राउंडपर्यंतचा कार्यक्रम दिला.

मनगट बरे झाल्यावर सीट नव्याने ओतली गेली, मऊ उशी काढली गेली, पेडल-प्लेट आणि योग्य मापाचे हान्स बसवले गेले. कार्टिंगचे हलके हेल्मेट बाजूला ठेवून आगप्रतिबंधक अस्तराचे, हान्सच्या खुंट्या असलेले, एफआयए ८८५९-२०१५ मानकाचे हेल्मेट घेतले गेले. किमान एकत्रित वजनासाठी लागणारे भारपट्टे सांगाड्याच्या तळाला बोल्टने आवळले. सीटखाली सैल ठेवलेले शिशाचे तुकडे स्वीकारले गेले नाहीत.

गाडीतून बाहेर पडण्याची चाचणी झाली: पट्टे सोडणे, स्टिअरिंग काढणे, हॅलोवरून बाहेर येणे, दहा सेकंदांत. पहिल्या प्रयत्नाला सतरा लागले. अडचण हॅलोची नव्हती. पट्ट्याचे फिरवायचे बक्कल ओल्या हातमोज्यात लहान बोटांना फिरत नव्हते. वेगळ्या पकडीचे हातमोजे आणि रोजचा सराव यांनंतर वेळ नऊवर आली. मार्शल आणि वैद्यकीय पथकाने बेशुद्ध चालकाला सीटसह उचलण्याचा सराव या शरीरमापावर स्वतंत्रपणे केला. मानेचा पट्टा लहान आकारात त्यांच्या पेटीत नव्हता, तो तेव्हा घेतला गेला.

चार चाचणी-दिवस झाले. प्रत्येकात एक पूर्ण शर्यतीच्या लांबीची धाव, एक जोडीने धाव, एक ओल्या ट्रॅकची धाव किंवा तिची तयारी. दिवसाच्या शेवटी मुलगा वैद्यकीय अधिकाऱ्यांशी एकटा बोलत असे. ‘मी थांबतो’ असे रेडिओवर म्हटले की सत्र तिथेच संपेल आणि कारण विचारले जाणार नाही, अशी लेखी अट होती. मेंदूला बसणाऱ्या धक्क्याच्या निदानासाठी हंगामाआधीची मूळ चाचणी करून निकाल जपून ठेवला. उंची आणि सीटचे माप दर सहा आठवड्यांनी घ्यायचे ठरले.

निष्पत्ती

पाचव्या राउंडपर्यंत मुलाची उंची तीन सेंटिमीटरने वाढली. खांद्याची रेषा बदलली, हेल्मेट संरक्षक रेषेजवळ सरकले, सीट पुन्हा ओतावी लागली. सहा आठवड्यांचे अंतर ठरवले नसते तर हे कोणाच्या लक्षात आले नसते. तपासणी हंगामाच्या सुरुवातीला एकदाच होते, आणि या वयात शरीर तेवढे थांबत नाही.

सलग धावेत ब्रेकचा दाब आता अठराव्या लॅपपर्यंत टिकत होता. वाढदिवसानंतर त्याने उरलेल्या तीन राउंडमध्ये भाग घेतला. निकाल ग्रिडच्या मधल्या भागातले, एकदा पहिल्या सहांत. त्याच्या पहिल्या राउंडमध्ये दोन किरकोळ धडका, दोन्हींत चाकात चाक घालण्याची जुनी सवय. स्टुअर्डांनी (शर्यतीच्या पंचांनी) दंड दिला आणि पुढच्या राउंडमध्ये तसे घडले नाही.

सहाव्या राउंडच्या दुसऱ्या शर्यतीत तो मधल्या वेगाने टायरच्या भिंतीवर आदळला. पट्टे, सीट आणि हान्स आपापल्या जागी राहिले. तो स्वतः चालत बाहेर आला, बरे वाटते म्हणाला आणि तिसऱ्या शर्यतीत उतरण्याचा हट्ट धरला. संघही त्याच मताचा होता. पण मेंदूच्या धक्क्याच्या चाचणीत त्याचे गुण मूळ निकालापेक्षा स्पष्ट कमी आले आणि त्याला थांबवले गेले. मूळ निकाल हाताशी नसता तर तो निर्णय मतभेदात अडकला असता. किशोरवयात असा धक्का भरून यायला प्रौढांपेक्षा जास्त वेळ लागतो, म्हणून टप्प्याटप्प्याने परत येण्याची पद्धत पाळली गेली. सातव्या राउंडला तो परवानगीने उतरला.

नकाराची दुसरी बाजूही नोंदवायला हवी. त्याच हंगामात दुसऱ्या एका संघाने आपला १४ वर्षांचा चालक कमी वयोमर्यादेच्या मालिकेत हलवला. एका ठिकाणी नियम घट्ट केला की दाब शेजारी सरकतो. म्हणून किमान वय एकेका आयोजकाने ठरवण्यापेक्षा एका गाडीवर्गासाठी सर्वत्र सारखे असणे बरे.

वेगळे काय करता आले असते

मुलाशी स्वतंत्र बोलणे सर्वांत शेवटी झाले, ते सर्वांत आधी व्हायला हवे होते. ती ४० मिनिटे पहिल्या आठवड्यात मिळाली असती तर दुखऱ्या मनगटाने २५ मिनिटांची सलग धाव करून घेतलीच गेली नसती.

सुटीचे वाक्य नियमातून काढले गेले. पर्याय म्हणून ‘उत्कृष्ट’ मुलांसाठी कठोर निकष लावून ते ठेवावे, असा आग्रह काहींनी धरला. तो फेटाळणे योग्य होते. निकष कितीही कठोर असले तरी अर्ज तयार करणारे प्रौढच असतात आणि अर्जाच्या तयारीसाठीच मुलाला आणखी चाचण्या कराव्या लागतात. मर्यादेच्या वर मात्र सगळे शरीर, सीट, थकवा आणि बाहेर पडण्याची वेळ यांवर तपासावे. पंधरा पूर्ण झालेला पण १४८ सेंटिमीटरचा चालक आपोआप सुरक्षित ठरत नाही. त्यानुसार आता १८ वर्षांखालील प्रत्येक चालकाला सीटच्या मापाची आणि बाहेर पडण्याची चाचणी द्यावी लागते. संघांनी करार करण्याआधी वयाचा दाखला जोडण्याची अटही आली.

सर्वांत मोठी फट वेगळीच होती. नियमातले किमान वय फक्त शर्यतींना लागू होते. अर्ज येण्याआधी हा मुलगा त्याच गाडीत, पाठीमागे मऊ उशी आणि खांद्यांवर प्रौढाचे हान्स घेऊन, खासगी सत्रांत अनेकदा धावला होता. पावसातले ते सत्रही त्यांतलेच. तिथे तपासनीस नव्हता, डॉक्टर नव्हते आणि ‘थांब’ म्हणणारे कोणी नव्हते. दुसरी गाडी शेजारी नसली तरी भिंत असतेच.

यावर उपाय म्हणून चाचणी-परवाना सुरू केला गेला. या वर्गाची गाडी शर्यतीबाहेर चालवायलाही किमान १४ वर्षे, मापाची सीट, बाहेर पडण्याची चाचणी आणि ट्रॅकवर वैद्यकीय वाहन या अटी. मालिकेत नोंदलेला संघ परवान्याशिवाय मुलाला गाडीत बसवताना आढळला तर त्या हंगामाची नोंदणी रद्द होते. मालिकेबाहेरच्या संघांवर आणि ट्रॅक भाड्याने घेऊन केलेल्या सत्रांवर समितीचा अधिकार चालत नाही. ती अट ट्रॅकच्या मालकांनी भाडेकरारात घालावी, अशी मागणी करण्यात आली आहे.